तीनशे एक्केचाळिसावा भाग

"'विनंती' काढ," रेवती म्हणाली. "'कळवा' लिही."

मी खोडलं. बँकेच्या विभागीय कार्यालयात, जिन्याखालच्या तिच्या लहानशा खोलीत आम्ही बसलो होतो. दुपारचे पावणेदोन वाजले होते, जेवणाची सुट्टी होती, आणि टेलिफोनचा बोर्ड गप्प होता. रेवती, आडनाव बोल्ली, त्या बोर्डावर ऑपरेटर होती. ती जन्मापासून अंध. मी सोलापुरातल्याच एका दैनिकात उपसंपादक होते, माझी कामाची पाळी चार वाजता सुरू व्हायची, त्यामुळे दुपार मोकळी असे.

पत्र परदेशातल्या एका कंपनीला जायचं होतं. ती मराठीत सांगत होती, मी इंग्रजीत लिहीत होते. मध्येच थांबवून ती मागचं वाचायला लावायची, आणि मी सवयीनं घातलेला प्रत्येक 'हंबली' आणि 'काइंडली' तिच्या कानाला टोचायचा.

"आपण काय मागायलो? गोष्ट मागायलो. भीक नाही."

गोष्ट होती एका जपानी कार्टून मालिकेची. समुद्रातल्या बेटांवरचे दीपस्तंभ एकेक करून विझत जातात आणि रेन नावाचा मुलगा ते पुन्हा पेटवत फिरतो. मालिका तिकडे किती वर्षं चालली होती कुणास ठाऊक. आम्ही तिला नुसतं 'दिवेवाले' म्हणायचो. आपल्याकडे टीव्हीवर इंग्रजीत डब केलेले भाग लागायचे, ते बंद झाल्यावर त्यांच्या डीव्हीडी निघाल्या. तेरा-तेरा भागांचा एकेक संच. रेवती मराठी शाळेत शिकलेली, पण बोर्डावरचं तिचं इंग्रजी या मालिकेतून आलेलं होतं. त्यात सायो नावाची नावाडीण होती, रेनला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेणारी. इंग्रजीत तिला आवाज देणारी बाई घोगऱ्या, सावकाश स्वरात बोलायची. रेवती फोन उचलून 'गुड मॉर्निंग, रीजनल ऑफिस' म्हणायची ते हुबेहूब सायोसारखं. मुंबईहून फोन करणारे साहेब बिचकायचे.

"मला दिव्यांचं काय करायचंय?" ती म्हणायची. "मला नावाडीण ऐकायची असते."

कंपनीनं जाहीर केलं होतं की इंग्रजी डबिंग तीनशे बाराव्या भागावर थांबवत आहोत. जपानीत मालिका चारशेकडे निघाली होती. पुढचे भाग ज्यांना बघायचे त्यांनी जपानी आवाजात, इंग्रजी सबटायटल वाचून बघावेत. नेटवर ते सहज मिळत.

"लिही," रेवती म्हणाली. "ज्यांना डोळे आहेत त्यांच्यासाठी गोष्ट थांबलेली नाही. आमच्यासाठी थांबली आहे. आमच्यापर्यंत जे पोचतं ते कुणाच्या तरी हातानं गाळून पोचतं. आम्हाला गाळलेलं नको."

माझं पेन थांबलं.

"लिहिलंस?"

"लिहिते."

त्या खोलीत एकच गोष्ट मला माहीत होती आणि तिला नव्हती, असं मी तेव्हा समजत होते. डबिंग पुन्हा सुरू झालं आणि तीनशे एक्केचाळिसाव्या भागापर्यंत आलं, तर माझं खोटं उघडं पडणार होतं.

रेवतीची माझी ओळख बातमीतून झाली. अंध ऑपरेटरांवर मी एक लेख लिहिला होता. छापून आल्यावर तिनं कुणाकडून तरी तो वाचून घेतला आणि मला फोन केला. "तू माझं वाक्य कापलंस," ही तिची पहिली तक्रार. मी जागेची अडचण सांगितली. ती म्हणाली, "जागा नव्हती तर दुसऱ्या कुणाचं कापायचं." त्यानंतर मी तिच्याकडे जायला लागले. पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत, भाऊ-वहिनीच्या घरातली वरची खोली तिची होती. भावाला ती अण्णा म्हणायची. तोवर निघालेले डबचे भाग संपले तेव्हा मी आमच्या ऑफिसातल्या संगणकवाल्याकडून पुढचे भाग उतरवून घेतले आणि दर रविवारी सकाळी तिला सबटायटल मोठ्यानं वाचून दाखवू लागले. जपानी आवाज एका कानात, मी दुसऱ्या कानात. शेजारचा माग सुरू असला की मला ओरडून वाचावं लागे. लाइट गेली की आम्ही दोघी चहा करायचो.

तीनशे एक्केचाळिसाव्या भागात सायो मरते.

मला ते आधी माहीत नव्हतं. भाग सुरू झाला, सायोच्या पाठीत बाण लागला, ती नावेत आडवी झाली. रेवतीची अम्मा जाऊन तेव्हा तीन आठवडेच झाले होते. विड्या वळून वळून बोटांची कातडी कडक झालेली ती बाई मला दर रविवारी न विचारता खायला घालायची. तिची सुपं आणि तंबाखूचा डबा अजून कोपऱ्यात तसाच होता. रेवती गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. पडद्यावर खाली अक्षरं आली. मी ती वाचली नाहीत. मी म्हटलं, "सायो सांगते, मी आता दक्षिणेला जाते. तिकडची बेटं अंधारात आहेत."

उपसंपादकाचं काम म्हणजे कुठलीही ओळ काढून, उरलेल्या ओळी अशा जोडायच्या की भेग दिसू नये. मला ते येत होतं. पुढच्या भागात रेन रडला.

"रेन का रडायलाय?" तिनं विचारलं.

"ती गेली म्हणून."

"एवढा?"

"लहान आहे तो."

त्यानंतर पाण्यात सोडलेले दिवे आले, ते मी सण म्हणून सांगितले. किनाऱ्यावरच्या दगडावर सायोचं नाव कोरलेलं दिसलं. तिथं कुणी बोलत नव्हतं, तेव्हा मीही बोलले नाही. तीनशे अठ्ठावन्नाव्या भागापर्यंत मी सायोला जिवंत ठेवलं. त्या रविवारी रेवती म्हणाली, "आता पुरे. पुढचं डब आल्यावर ऐकू." मला वाटलं, कंटाळली असेल.

एका वहीत मी नोंद ठेवायचे. डावीकडे जपानी भागाचा आकडा, उजवीकडे इंग्रजी डब कितव्या भागावर आलं आहे तो. सुरुवातीला ही वही रेवतीसाठी होती. दर सोमवारी ती विचारायची, "कितीपर्यंत आलं?" आणि मी सांगायचे. सायोच्या प्रकरणानंतर उजवीकडचा आकडा मी माझ्यासाठी बघायला लागले. तो तीनशे बाराला थांबला, तेव्हा मी सुटकेचा निःश्वास सोडला हे लिहायला हवं.

रेवती मात्र चवताळली. जेवणाच्या सुट्टीत बोर्डावर गर्दी नसते. त्या वेळी राज्यभरातले ऑपरेटर एकमेकांशी बोलतात. त्यातले बरेचसे अंध. एकानं लाइन लावायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला जोडायचं. प्रत्यक्षात कुणी कुणाला भेटलेलं नसतं, पण कुणाच्या घरी काय शिजलं इथपर्यंत माहिती असते. सातारा, नांदेड, अकोला, जळगाव, नाशिक, लातूर, कोल्हापूर अशा सात बोर्डांवर रेवती दर सोमवारी 'दिवेवाले' सांगायची. मी रविवारी वाचलेलं सोमवारी दुपारी सात गावांना पोचायचं. म्हणजे माझं खोटंही पोचलं असणार.

सातही जणांनी ब्रेलमध्ये एकेक पान टोचून पाठवलं. माझं इंग्रजी पत्र आणि ती सात पानं, असा जाड लिफाफा झाला. रेवतीनं तो माझ्या हातात दिला. "उद्याच रजिस्टर पोस्टानं टाक."

मी तो ऑफिसात माझ्या खणात ठेवला.

अकरा दिवस तो तिथं होता. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा 'गेलं' म्हटलं. कंपनी एका पत्रानं काय हलणार आहे, असं मी मला समजावत होते. मग ते टाकायला काय हरकत आहे, याचं उत्तर देत नव्हते.

बाराव्या दिवशी डेस्कवर फोन आला.

"गुड आफ्टरनून," सायोचा आवाज आला, आणि मग तिचा स्वतःचा. "नांदेडचे कागणे म्हणायलेत, पावतीवरचा नंबर पाहिजे. लिफाफा कुठवर गेला ते बघता येतं म्हणे. वाच बघू."

अठरा भाग एका मेलेल्या बाईला समुद्रात फिरवणारी मी, पण मला टपालाचा एक खोटा आकडा सांगता येईना. आकडा चुकवायचा नाही, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हाडात भिनलं होतं. हसू येण्यासारखं आहे, पण तसं झालं.

"पावती घरी आहे. उद्या सांगते."

"उद्या सांग," ती म्हणाली. "मी बोर्डावरच आहे."

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधी मी दारात उभी होते. साडेदहाला तिला फोन करून नंबर सांगितला. तिनं तो ब्रेलच्या पाटीवर टोचून घेतल्याचा टकटक आवाज मला ऐकू आला.

सात महिन्यांनी कंपनीनं डबिंग पुन्हा सुरू केलं. आमच्या पत्रामुळे केलं, असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही. तिकडेही बऱ्याच लोकांनी आरडाओरडा केला होता. पत्राचं उत्तर आलं नाही, फक्त पोचल्याची सहीची पावती आली. ती रेवतीनं बोर्डाच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवली.

आता उजवीकडचा आकडा पुन्हा चालायला लागला. तीनशे पंचवीस. चार महिन्यांनी तीनशे अडतीस. प्रत्येक संच आला की आम्ही ऐकायचो, रेवती खूश असायची. सायोचं घोगरं इंग्रजी परत घरात आलं होतं. मी ठरवायचे, आज सांगू. मग ती एखादं वाक्य सायोच्या आवाजात म्हणून दाखवायची आणि मी चहाचं आधण ठेवायला उठायचे. पुढचा संच तीनशे एकोणचाळीसपासून होता.

तो आला त्या रविवारी मी नऊ वाजताच गेले. जिना चढताना मी पहिलं वाक्य जुळवलं होतं. रेवती तयार बसली होती. डीव्हीडी आत घातलेली. रिमोटच्या बटणांवर तिनं ओळखीसाठी नेलपॉलिशचे थेंब वाळवून ठेवले होते, त्यावर तिचा अंगठा होता.

"एकोणचाळीस आणि चाळीस मी काल ऐकले," ती म्हणाली. "एक्केचाळीस तुझ्याबरोबर ऐकायचा म्हणून ठेवला."

"थांब. आधी मला काही सांगायचंय."

"आधी ऐकू."

"ऐकल्यावर सांगून उपयोग नाही, रेवती."

"उपयोगाचं नंतर बघू." तिनं बटण दाबलं.

वीस मिनिटं मी भिंतीकडे बघत बसले. माग बंद होता, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. बाण, पाणी, रेनचं ओरडणं. मग सायो, आता स्पष्ट इंग्रजीत, कुणीही न गाळलेली. ती रेनला म्हणाली, दिवा एवढा वर धरू नकोस, तू दिसशील. मग एक श्वास. मग नुसत्या लाटा.

रेवतीनं बटण दाबून आवाज बंद केला.

"जपानीत जास्त चांगली मेली होती," ती म्हणाली.

मी भिंतीवरून नजर काढून तिच्याकडे वळले.

"जपानी बाईनं शेवटचा श्वास आत घेतला होता. बाहेर सोडलाच नाही. हिनं सोडला. तिथं चुकलं."

"तुला माहीत होतं."

"मी ऑपरेटर आहे, तृप्ती. लाइन तुटलेली मला कळत नाही?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू बोलतीस का ते बघायलो होतो."

"होतो म्हणजे?"

"आम्ही. मी आणि सात जण." ती अजिबात ओरडली नाही. बोर्डावर एखाद्याला थांबायला सांगावं तशी बोलत होती. "दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांना सांगितलं होतं. सायो मेली, पण वाचणारी सांगायला तयार नाही. जळगावच्या बाई म्हणाल्या, बिचारी घाबरली असेल. कागणे म्हणाले, डब आल्यावर बघू काय म्हणते. म्हणून तर सगळ्यांनी पत्र लिहिलं. आणि लिफाफा तू बारा दिवस ठेवलास, तेही माहीत आहे. पावतीवर टाकल्याची तारीख असते. वहिनीला वाचायला दिली."

मी म्हटलं, "अम्माला जाऊन तीनच आठवडे झाले होते. मला वाटलं..."

"अम्मा कशी गेली ते तुला माहीत आहे का?"

"दवाखान्यात. तूच सांगितलंस."

"मी सांगितलं ते मला अण्णानं सांगितलेलं." तिनं रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. "बुधवारी मला मावशीकडे नेऊन सोडलं. अण्णा रोज फोन करायचा, बरं वाटायलंय, जेवायलीय. शुक्रवारी सकाळीही म्हणाला, पेज घेतली. अम्मा गुरुवारी गेली होती. मला न्यायला आले ते सगळं उरकून. दारात आंघोळीच्या पाण्याचा वास होता, तेव्हा मला कळलं. अण्णा म्हणाला, तुला दिसणार तर नव्हतं, मग कशाला त्रास."

खाली कुणीतरी बादली ठेवली, तिचा आवाज वर आला.

"मला दिसणार नव्हतं," ती म्हणाली. "पण मला हात आहेत की. तिची बोटं मला एकदा हातात घ्यायची होती. विड्यांची बोटं. ते कुणी ठरवलं, की नको? ज्यांना दिसतं त्यांनी ठरवलं. आणि तीन आठवड्यांनी तू येऊन बसलीस, आणि तूही तेच केलंस. त्या दिवशी मी तुला हाकलणार होते."

"का नाही हाकललंस?"

"तुला हाकललं असतं तर तू घरी जाऊन चार दिवस रडली असतीस आणि सुटली असतीस. मला गोष्ट पाहिजे होती. पूर्ण, माझ्या कानानं. ती मी आणवली. तुझ्याच हातानं पत्र लिहून आणवली." ती पहिल्यांदा हसली. "टपालाचा नंबर मात्र तू खोटा सांगितला नाहीस. कागण्यांची आणि माझी पैज होती. मी जिंकले."

मी विचारलं, आता काय करू. सतरा भाग नीट पुन्हा वाचून दाखवू का.

"नाही. आता तू काहीच वाचायचं नाहीस. पुढचं येईल तसं येईल."

"वर्षं लागतील त्याला. मध्येच पुन्हा बंदही पडेल."

"पडू दे. पुन्हा पत्र लिहू. वर्षं माझी आहेत, तुला काय घाई?" तिनं रिमोट उचलला. "तू फक्त आकडा सांगायचा. कितीपर्यंत आलं तेवढा. तो तू चुकवत नाहीस."

त्यानंतर नऊ वर्षं मी तेवढंच केलं. नवा संच निघाला की फोन करायचा. "तीनशे चौसष्ट." पलीकडून "कळलं." कधी दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं, कधी तेही नाही. डबिंग मध्ये दोनदा थांबलं. दोन्ही वेळा गावोगावची पानं गोळा झाली. पहिल्या वेळी सात. दुसऱ्या वेळी सहाच, कारण अकोल्याचे गृहस्थ वारले होते. त्यांच्या मुलीनं पत्राखाली त्यांचं नाव घालून सहीची जागा कोरी ठेवायला लावली. पत्र रेवतीनं सांगितलं, मी लिहिलं, त्याच दिवशी टाकलं आणि साडेचारच्या आत नंबर कळवला. मी कुठल्याही पत्रात 'हंबली' लिहिलं नाही. पुढे बँकेनं बोर्ड काढून टाकला, यंत्र बसवलं. रेवतीला निवृत्ती घेता येईल असं सुचवण्यात आलं. तिनं लेखी मागितलं, सुचवणाऱ्यांनी लेखी दिलं नाही, आणि ती अजून तिथंच, तक्रार विभागात आहे. मीही दैनिक बदललं, डेस्क बदललं नाही. आमच्यात कुणी कुणाला माफ केलं का, हा विषय निघाला नाही.

मागच्या वर्षी मी फोन केला. "पाचशे बारा. शेवटचा."

ती म्हणाली, "रविवारी ये."

खोली तीच होती. केस दोघींचे पांढरे व्हायला लागलेले. तिनं स्वतः भाग लावला. रेननं शेवटचा दीपस्तंभ पेटवला, ज्यांना जे बोलायचं ते बोलून झालं, आणि मग आवाज थांबले. संगीतही थांबलं. नुसतं पाणी. संपलं नव्हतं, पडद्यावर चित्र होतं. इंग्रजीत किंवा जपानीत, कुणीच काही बोलत नव्हतं.

रेवतीनं मान माझ्याकडे वळवली. "काय दिसायलंय?"

नऊ वर्षांत तिनं मला हे विचारलं नव्हतं.

"किनारा," मी म्हटलं. "सकाळ आहे. वाळूत एक नाव ओढून ठेवलीय."

"कुणाची?"

"सायोची. पुढच्या टोकाला तिनं बांधलेली लाल चिंधी आहे. पार विटलीय."

"आत?"

"कुणी नाही."

"नीट बघ."

"बघतेय. वल्हं आहे. तळाला थोडं पाणी साचलंय. कुणी नाही."

ती ऐकत राहिली. पाण्याचा आवाज हळूहळू कमी झाला.

"आता?"

"पडदा काळा झाला. नावं यायला लागलीत. आवाज देणाऱ्यांची."

"वाच."

"सगळी?"

"सगळी. एकही कापू नकोस."

मी वाचायला सुरुवात केली. ती भराभर वर सरकत होती, म्हणून दर पानाला मी 'थांब' म्हणायचे आणि ती अंगठ्यानं चित्र थांबवायची. एकशे अठरा नावं होती.